अमेरिकेतील राजकीय पक्ष आणि प्रायमरी निवडणुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायमरी निवडणूक म्हणजे नेमके काय?

नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत एखाद्या पक्षाच्या वतीने कोणी उभे राहायचे, हे ठरवण्यासाठी त्या पक्षाच्या इच्छुकांमध्ये जी निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. ती पक्षाच्या कार्यालयात होत नाही. राज्याच्या कायद्यानुसार, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाच्या, निवडणूक कार्यालयाच्या देखरेखीखाली, नेहमीच्याच मतदान केंद्रांवर आणि बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने ती घेतली जाते. राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य, गव्हर्नर, राज्य विधिमंडळाचे सदस्य आणि अनेक राज्यांत अगदी काउंटीचा शेरीफसुद्धा याच वाटेने उमेदवारीपर्यंत पोहोचतो.

भारतात उमेदवाराला अर्जासोबत पक्षाचा एबी फॉर्म जोडावा लागतो आणि तो कोणाला द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत हा निर्णय कायद्याने पक्षनेतृत्वाच्या हातून काढून मतदारांकडे सोपवला आहे. तेथील पक्षांविषयी पुढे जे काही सांगितले आहे, त्यातील बरेचसे या एकाच गोष्टीतून निघते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांविषयी काय तरतूद आहे?

कोणतीही नाही. १७८७ साली तयार झालेल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही, आणि १७९६ च्या निरोपाच्या संदेशात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पक्षीय वृत्तीच्या दुष्परिणामांविषयी देशाला सावध केले होते. तो इशारा दिला जात होता तेव्हा त्यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले हॅमिल्टन आणि जेफरसन यांचे दोन गट एकमेकांसमोर उभे ठाकलेले होते, ही त्या काळाची गंमत. आजचा डेमोक्रॅटिक पक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात, म्हणजे १८२० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये, गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी स्थापन झाला आणि सहाच वर्षांत त्याचे अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

घटना मौन असल्यामुळे पक्षांचे नियमन हा प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यांचा विषय झाला. पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा दिसतात त्या यामुळेच.

एखाद्या पक्षाचे सदस्य कसे होता येते?

वर्गणी नाही, सदस्यत्वाची पावती नाही, पक्षाची परवानगीही नाही. सुमारे ३० राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्षाचा रकाना असतो. त्यात डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, अन्य पक्ष किंवा ‘कोणताही नाही’ असे नोंदवले की काम झाले. तुम्हाला सदस्य करून घेण्याचे किंवा नाकारण्याचे अधिकार पक्षाकडे नसतात. टेक्सास, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांत तर हा रकानाच नाही. नॉर्थ डकोटा त्याच्याही पुढे गेले आहे, कारण तेथे मतदार नोंदणी हा प्रकारच अस्तित्वात नाही.

मग पक्षाची संघटना करते तरी काय? पक्षाध्यक्ष एखाद्याची उमेदवारी रोखू शकत नाही का?

दोन्ही पक्षांच्या राष्ट्रीय समित्या आहेत. डेमोक्रॅटिक समिती १८४८ पासूनची, रिपब्लिकन समिती १८५६ पासूनची. त्यांच्या खाली राज्य समित्या, काउंटी समित्या आणि त्यांच्याही खाली मतदान केंद्राच्या पातळीवरचे कार्यकर्ते असतात. पैसा उभा करणे, मतदारयाद्या आणि माहितीसाठे सांभाळणे, राष्ट्रीय अधिवेशन भरवणे, वकील पुरवणे ही त्यांची कामे आहेत. राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षाचे नाव सामान्य अमेरिकी माणसाला सहसा ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याचे फारसे कारणही नसते.

उमेदवारी रोखण्याच्या बाबतीत हे नेतृत्व किती हतबल असू शकते, याचे एक उदाहरण इलिनॉय राज्यातले आहे. २०१८ मध्ये शिकागोजवळच्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) तिसऱ्या मतदारसंघात, जेथे रिपब्लिकन उमेदवार निवडून येण्याची शक्यता नव्हती, त्या पक्षाच्या प्रायमरीत नाझी विचारांचा आणि ज्यूंचे शिरकाण नाकारणारा एकच इच्छुक उभा राहिला आणि तो बिनविरोध उमेदवार ठरला. राज्यातील पक्षाने त्याचा जाहीर निषेध केला, मतदारांना त्याला मत न देण्याचे आवाहन केले. पण मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढचे ‘रिपब्लिकन’ हे बिरुद त्यांना पुसता आले नाही. नोव्हेंबरमध्ये तो अपेक्षेप्रमाणे हरला.

नेतृत्वाला करता येते ते इतकेच: आवडत्या इच्छुकाला जाहीर पाठिंबा देणे, देणगीदारांकडे शब्द टाकणे, नको असलेल्याला समजावून बाजूला करणे. काही राज्यांत मात्र थोडी अधिक मोकळीक आहे. व्हर्जिनियात प्रायमरी घ्यायची की पक्षाचे अधिवेशन भरवायचे, याची निवड पक्ष करू शकतो. २०२१ मध्ये ग्लेन यंगकिन यांची गव्हर्नरपदाची रिपब्लिकन उमेदवारी अशा अधिवेशनातून ठरली होती.

ही पद्धत कधी आणि का सुरू झाली?

आरंभी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार काँग्रेसमधील पक्षाचे सदस्य आपसांत बसून ठरवत असत. १८२४ मध्ये त्या बैठकीला बहुसंख्य सदस्य फिरकलेच नाहीत, तिने निवडलेले विल्यम क्रॉफर्ड निवडणुकीत मागे पडले, आणि ती प्रथा संपली. त्यानंतर अधिवेशनांचे युग आले. पहिले राष्ट्रीय अधिवेशन १८३१ मध्ये बाल्टिमोर येथे एका छोट्या पक्षाने, अँटी-मेसॉनिक पक्षाने भरवले आणि मोठ्या पक्षांनी लगेच ती पद्धत उचलली. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यायचे, भाषणे व्हायची. पण खरे व्यवहार शहरांच्या आणि राज्यांच्या पक्षधुरीणांमध्ये बंद दाराआड होत. १९२० मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातील धुराने भरलेल्या खोलीत वॉरन हार्डिंग यांचे नाव ठरले, अशी आख्यायिकाच आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक प्रतिनिधींना उमेदवार ठरवण्यासाठी मतदानाच्या १०३ फेऱ्या घ्याव्या लागल्या, आणि एवढे करून निवडलेले जॉन डेव्हिस नोव्हेंबरमध्ये दणदणीत हरले.

एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्ष आपापल्या छापून मतदारांच्या हाती देत. १८८८ पासून राज्यांनी गुप्त मतदानाच्या सरकारी मतपत्रिका आणायला सुरुवात केली आणि तेथेच पक्षांवर कायद्याची पहिली पकड बसली, कारण सरकारी मतपत्रिकेवर पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सरकारला ठरवावे लागणारच होते. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी रेल्वे कंपन्या आणि पक्षधुरीण यांच्या संगनमताविरुद्ध हाच मुद्दा लावून धरला, आणि १९०४ मध्ये तेथील मतदारांनी राज्यभर थेट प्रायमरी घेण्याच्या कायद्याला कौल दिला. पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक राज्यांनी या ना त्या स्वरूपात तिचे अनुकरण केले.

राष्ट्राध्यक्षपदाच्या बाबतीत मात्र लोकांचे मत निर्णायक ठरायला आणखी अर्धे शतक लागले. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी निवडणुका जिंकल्या, पण अधिवेशनाने उमेदवारी विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना दिली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून उभे राहिले आणि मतविभागणीत वुड्रो विल्सन निवडून आले. १९५२ मध्ये सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनीही बहुतेक प्रायमरी जिंकल्या होत्या, तरी अधिवेशनाने ॲडलाय स्टीव्हन्सन यांना पसंती दिली. प्रायमरी त्या काळी धुरीणांना दाखवायचा पुरावा होता, निकाल नव्हे. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी प्रोटेस्टंट बहुसंख्येच्या वेस्ट व्हर्जिनियात विजय मिळवला तो मुख्यतः एक कॅथलिक उमेदवार तेथेही मते मिळवू शकतो, हे पक्षातील बड्या मंडळींना पटवण्यासाठी.

मग १९६८ मध्ये असे काय घडले?

त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना सुमारे ४२ टक्के विरुद्ध ४९ टक्के इतकी झुंज दिली. जॉन्सन जिंकले, तरी हादरले. ३१ मार्च रोजी त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले आणि जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. तरीही ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात, राज्य संघटनांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या बळावर, उमेदवारी त्यांनाच मिळाली. शहराच्या रस्त्यांवर पोलीस युद्धविरोधी निदर्शकांना झोडपत होते आणि देश ते दूरचित्रवाणीवर पाहत होता.

हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून थोडक्यात हरले. त्यानंतर पक्षाने सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, आणि अधिवेशनाचे प्रतिनिधी खुल्या, वेळेवर जाहीर केलेल्या प्रक्रियेतूनच निवडले जावेत असे नियम केले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यांनी प्रायमरीचे कायदे केले, आणि हे कायदे सर्वच पक्षांना लागू होत असल्यामुळे रिपब्लिकन पक्षही ओघाने त्या वाटेला लागला. अमेरिकी पक्षनेत्यांनी आपली सर्वांत मोठी सत्ता गमावली ती ही अशी, काहीशी नकळत. आयोगाच्या सदस्यांना देशभर प्रायमरीचे पीक येईल अशी कल्पना होती असे वाटत नाही.

प्रायमरीत कोण मतदान करू शकतो?

याचे उत्तर राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया येथे प्रायमरी बंदिस्त असते, म्हणजे ज्या पक्षाच्या नावे तुमची नोंदणी आहे त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. न्यूयॉर्कमध्ये जूनमधील प्रायमरीसाठी पक्षनोंदणी बदलण्याची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते, त्यामुळे उमेदवारांची नावे कानावर पडू लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. टेक्सास, मिशिगन, जॉर्जिया येथे प्रायमरी खुली असते. मतदार त्या दिवशी कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत भाग घेऊ शकतो, मात्र एकाच. या दोन टोकांच्या मध्ये अनेक राज्ये आहेत, जेथे पक्ष न नोंदवलेल्या मतदारांना कोणतीही एक प्रायमरी निवडता येते, पण दुसऱ्या पक्षात नोंदलेल्यांना नाही.

कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी निराळाच मार्ग धरला आहे. तेथे सर्व पक्षांचे इच्छुक एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे, पक्ष कोणताही असो, नोव्हेंबरमध्ये समोरासमोर येतात. त्यामुळेच २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटच्या जागेसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ या दोन डेमोक्रॅटिक उमेदवारांतच अंतिम लढत झाली. अलास्कात २०२२ पासून पहिले चौघे पुढे जातात आणि अंतिम फेरीत मतदार त्यांना पसंतीक्रम देतात.

पक्षाला स्वतःच्या उमेदवारीबाबत काहीच हक्क नाही का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कॅलिफोर्नियाच्या आधीच्या एका पद्धतीत कोणालाही प्रत्येक पदासाठी हव्या त्या पक्षाचा उमेदवार निवडता येत असे. बाहेरच्या लोकांकडून आपला उमेदवार ठरवून घेण्याची सक्ती पक्षावर करता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने २००० मध्ये ती रद्द केली.

दुसऱ्या पक्षाचे मतदार मुद्दाम येऊन निकाल फिरवत नाहीत का?

ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते, परंतु मुद्दाम दुबळा उमेदवार निवडून देण्यासाठी रांगेत उभे राहणारे मतदार फार थोडे असतात. बहुधा दिसते ते वेगळेच: विरोधी पक्षातल्यांपैकी आपल्याला त्यातल्या त्यात चालेल अशाला मत देणे. २०१४ मध्ये मिसिसिपीत सिनेटर थॅड कॉक्रन पहिल्या फेरीत आपल्याच पक्षातील अधिक उजव्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे पडले. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्यामुळे दुसरी फेरी झाली, तिच्यात कॉक्रन यांनी एरवी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांना उघड साद घातली, आणि ते तरले. एका पक्षाच्या पहिल्या फेरीत मत देऊन दुसऱ्याच्या दुसऱ्या फेरीत जाण्यास तेथे मनाई आहे. पण पहिल्या फेरीला घरी बसलेल्यांना ती लागू होत नव्हती.

प्रायमरीचा वापर मतदारांना वगळण्यासाठीही झाला होता, हे खरे आहे का?

होय, आणि तो या इतिहासातील सर्वांत काळा भाग आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचेच राज्य होते. त्या पक्षाची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक हा केवळ उपचार उरे. टेक्सासने १९२३ मध्ये कायदा करून या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मतदानास बंदी घातली. एल पासो येथील डॉक्टर लॉरेन्स निक्सन यांच्या खटल्यात १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तेव्हा राज्याने कायदा मागे घेऊन सदस्य कोण हे ठरवण्याचे काम पक्षावर सोडले, आणि पक्ष ही खासगी संस्था आहे असा युक्तिवाद पुढे आला. १९३५ मध्ये न्यायालयाने तो मान्यही केला.

ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या वतीने वकील थर्गुड मार्शल यांनी पुन्हा हा प्रश्न न्यायालयापुढे नेला. १९४४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला की, राज्य ज्या प्रायमरीला आपल्या निवडणूक यंत्रणेचा भाग बनवते, तिच्यात वंशावरून भेद करता येणार नाही. मतदान कर, वाचन-लेखनाच्या चाचण्या आणि उघड दहशत यांचे अडथळे १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत राहिले. परंतु पक्षाच्या खासगीपणाची पळवाट १९४४ मध्ये बुजली.

राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार प्रत्यक्षात कसा ठरतो?

येथे मतदार थेट उमेदवार निवडत नाहीत; ते उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधींचे वाटप ठरवतात. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रायमरी व कॉकसमधून (पक्षाच्या लोकांच्या सभांमधून) ठरलेले ३,९७९ प्रतिनिधी होते आणि उमेदवारीसाठी १,९९१ हवे होते. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे २,४२९ प्रतिनिधी होते आणि १,२१५ पुरेसे होते.

वाटपाच्या नियमांत दोन्ही पक्षांत मोठा फरक आहे, आणि बातम्या वाचताना तो विसरला तर काहीच समजत नाही. डेमोक्रॅटिक पक्षात सर्वत्र प्रमाणशीर वाटप होते. किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्यांना त्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. रिपब्लिकन पक्षात राज्यांना बरीच मोकळीक असते, आणि काही राज्यांत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला सर्व प्रतिनिधी दिले जातात. २०१६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ३२ टक्के मते पडली आणि ५० पैकी ५० प्रतिनिधी मिळाले. प्रतिस्पर्ध्यांची गर्दी असताना या नियमाचा केवढा फायदा होतो, ते तेथे दिसले.

डेमोक्रॅटिक पक्षात याशिवाय पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य असे पदसिद्ध प्रतिनिधीही असतात. १९८० च्या दशकात नेत्यांना थोडा अधिकार परत मिळावा म्हणून ही सोय केली गेली. २०१६ मध्ये उमेदवारीसाठी लढणाऱ्या बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी तिच्यावर सडकून टीका केली, आणि २०१८ च्या नियमांनुसार निकाल आधीच स्पष्ट नसेल तर पहिल्या फेरीत या पदसिद्ध प्रतिनिधींना मत देता येत नाही. तसे पाहता दोन्ही पक्षांत १९५२ नंतर एकाही अधिवेशनात दुसरी फेरी घेण्याची वेळ आलेली नाही.

आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या लहान राज्यांना एवढे महत्त्व कशासाठी?

केवळ ती पहिली असतात म्हणून. न्यू हॅम्पशायरच्या कायद्यातच लिहिले आहे की त्यांची प्रायमरी इतर कोणत्याही तशा निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी झाली पाहिजे. दुसऱ्या राज्याने तारीख अलीकडे आणली की हे राज्य आणखी अलीकडे येते. आयोवात प्रायमरीऐवजी कॉकस होतो, म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी शाळेत किंवा चर्चमध्ये पक्षाच्या लोकांची सभा भरते आणि तेथेच कौल घेतला जातो. ती सभा राज्य नव्हे, पक्ष भरवतो. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये पूर्वी लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत आणि डोकी मोजली जात. रात्रपाळीचा कामगार किंवा लहान मूल घरी असलेली आई अशा सभेला कशी येणार, हा आक्षेप जुना होता. २०२० मध्ये निकाल कळवण्याचे ॲपच कोलमडले आणि पक्षाचा धीर संपला.

त्याच वर्षी जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचलून धरले, दोन प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला, आणि तीनच दिवसांनी, एकाच मंगळवारी अनेक राज्यांत झालेल्या मतदानात त्यांनी आघाडी घेतली. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान दक्षिण कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरने तो निर्णय जुमानला नाही आणि आपली प्रायमरी आधीच उरकली. बायडेन यांचे नाव तेथे मतपत्रिकेवर नव्हते, तरी मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना विजयी केले.

२०२४ मध्ये कमला हॅरिस प्रायमरी न लढताच उमेदवार कशा झाल्या?

बायडेन यांनी प्रायमरीतून जवळपास सर्व प्रतिनिधी जिंकले होते, आणि २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली. जिंकलेला उमेदवार बाजूला झाला की त्याचे प्रतिनिधी मोकळे होतात. पुन्हा प्रायमरी घेण्याची तरतूद नाही आणि वेळही नव्हता. बायडेन यांनी हॅरिस यांना पाठिंबा दिला, प्रतिनिधी त्यांच्यामागे एकवटले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या ऑनलाइन मतदानात उमेदवारीवर शिक्कामोर्तब झाले. काँग्रेसच्या किंवा राज्यातील जागांबाबत असे घडले तर रिक्त उमेदवारी कोणी भरायची, हे त्या त्या राज्याचा कायदा सांगतो.

प्रायमरीत मतदान कमी होते, त्याचा परिणाम काय होतो?

माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हा आहे. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षी प्रायमरीत साधारण पाचातला एक मतदारच भाग घेतो. दुसरीकडे काँग्रेसचे बहुसंख्य मतदारसंघ एका पक्षाला इतके अनुकूल आहेत की तेथे नोव्हेंबरमध्ये चुरस उरत नाही. म्हणजे खरा प्रतिनिधी ठरतो तो मे, जून किंवा ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी, आणि तोही पक्षातल्या सर्वांत कडव्या, सर्वांत जागरूक लोकांकडून.

२०१४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधिगृहातील नेते एरिक कँटर व्हर्जिनियात एका फारशा परिचित नसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्तेझ यांनी जो क्राउली या मुरलेल्या नेत्याला हरवले, तेव्हा सुमारे सात लाख लोकवस्तीच्या मतदारसंघात दोघांची मिळून मते तीस हजारांच्या आत होती. बहुतेक विद्यमान सदस्य आपली प्रायमरी सहज जिंकतात हे खरे आहे. पण अशा दोन-चार पराभवांची आठवण शेकडो जणांना तडजोडीपासून दूर ठेवायला पुरते.

मराठी वाचकांना ठाऊक असलेले एक उदाहरणही येथे लागू पडते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. त्यानंतर ते राज्य विधिमंडळात गेले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या १३ व्या काँग्रेस मतदारसंघाच्या प्रायमरीत उतरले. नऊ उमेदवारांमध्ये मते विभागली, मिशिगनमध्ये दुसऱ्या फेरीची पद्धत नाही, आणि तीस टक्क्यांहून कमी मते मिळवूनही ते पहिले आले. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरचा विजय जवळपास ठरलेलाच होता. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची तेथे मोठी चर्चा झाली. हाच मतदारसंघ टेक्सासमध्ये किंवा जॉर्जियात असता तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत झाली असती, आणि तिचा निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही.

प्रायमरी हरलेला इच्छुक अपक्ष म्हणून उभा राहू शकतो का?

बहुतेक राज्यांचे कायदे त्याला मज्जाव करतात. जेथे वाट मोकळी असते तेथे बंडखोरी यशस्वीही होते. कनेक्टिकटमध्ये सिनेटर जो लिबरमन २००६ ची प्रायमरी हरून स्वतंत्रपणे लढले आणि जिंकले. अलास्काच्या लिसा मर्कोवस्की यांनी २०१० मध्ये त्याहून अवघड गोष्ट साधली. मतपत्रिकेवर नाव नसताना मतदारांनी त्यांचे नाव हाताने लिहून त्यांना सिनेटमध्ये पाठवले. २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी हाच प्रयोग केला, पण प्रायमरीत त्यांना हरवणाऱ्या झोहरान ममदानी यांनी नोव्हेंबरमध्ये त्यांना पुन्हा हरवले.

तिसरा पक्ष का टिकत नाही?

एका मतदारसंघात एकच जागा आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, हे मुख्य कारण आहे. १९९२ मध्ये अपक्ष लढलेले रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात मात्र एकही मत मिळाले नाही. पण केवळ याने खुलासा होत नाही, कारण भारतातही तीच पद्धत असून पक्षांची कमतरता नाही. माझ्या दृष्टीने दुसरे कारण प्रायमरी हेच आहे. नवा विचार किंवा नवा नेता यांना नवा पक्ष काढण्यापेक्षा जुन्याच पक्षाची प्रायमरी जिंकून तो आतून बदलणे सोपे जाते. सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष असूनही दोनदा डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढले. ट्रम्प यांनी कोणतेही सरकारी पद न भूषवता रिपब्लिकन पक्षाची दिशा पालटली.

तेथे पक्षादेश आणि पक्षांतरबंदी असते का?

पक्षांतरबंदी नाही. पक्षाच्या विरोधात मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. फार तर समितीतले स्थान जाते आणि पुढच्या प्रायमरीत आव्हान उभे राहते. २००१ मध्ये व्हरमाँटचे सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला, तेव्हा ५०-५० अशा समसमान सिनेटची सूत्रे एका रात्रीत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली, आणि जेफर्ड्स आपल्या जागेवर कायम राहिले.

अमेरिकेत राहणारे मराठी लोक प्रायमरीत भाग घेऊ शकतात का?

नागरिकत्व घेतलेल्यांना सर्व मतदान हक्क मिळतात. ग्रीनकार्डधारक किंवा एच-१बी व्हिसावरील व्यक्ती राष्ट्रीय किंवा राज्य पातळीच्या कोणत्याही निवडणुकीत मत देऊ शकत नाही, प्रायमरीतही नाही. वाहन परवान्याच्या कार्यालयात अर्ज भरताना मतदार नोंदणीविषयीही विचारले जाते. तेथे चुकून ‘मी नागरिक आहे’ अशी खूण केली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो, म्हणून तो रकाना नीट वाचावा.

देणगीचा नियम याहून वेगळा आहे. ग्रीनकार्डधारकांना उमेदवारांना देणगी देता येते, व्हिसावरील व्यक्तींना नाही. २०२४ च्या निवडणुकीत एका व्यक्तीला काँग्रेसच्या किंवा राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला जास्तीत जास्त ३,३०० डॉलर देता येत होते, आणि प्रायमरी व सार्वत्रिक निवडणूक यांसाठी ही मर्यादा स्वतंत्रपणे मोजली जाते. तेथेच जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांच्या ध्यानात नसते: व्हर्जिनिया, मेरीलँड, इलिनॉय, ओहायो यांसह अनेक राज्यांत, नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत १८ वर्षे पूर्ण होणार असतील तर १७ व्या वर्षीच प्रायमरीत मत देता येते.